शहराला आणि बर्फाला एकच जॅकेट

२ नोव्हेंबर
आदेशचा मेसेज. शब्दशः उतरवते: "म्हात्रे, फेब्रुवारीत ये. आठवडाभर. स्कीइंग शिकवतो. एकच जॅकेट आण, शहरातही चालेल आणि बर्फावरही. फ्लीस घे. बाकी सगळं इथे भाड्याने मिळतं."
सहा वाक्यं. पहिल्याला उत्तर दिलं नाही. पाचव्याला दिलं : किती जाडीचं?
तो परदेशी, डोंगरातल्या इन्सब्रुकला गेल्याला दीड वर्ष झालं. त्याआधी तीन वर्षं न्हावा शेव्याच्या यार्डात आम्ही एकाच पाळीला, रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर, तपासायला. तिथेही तो थंड कंटेनरांचंच काम करतो. फरक एवढाच की तिथे दाराबाहेरही थंडी असते.

४ नोव्हेंबर
फ्लीस, म्हणजे ते लोकरीसारखं मऊ कापड, तीन जाडींत येतं. चौरस मीटरला शंभर, दोनशे, तीनशे ग्रॅम. शंभरचं ट्रामच्या थांब्यावर कमी पडेल, तीनशेचं स्की करताना घामाने भिजेल. म्हणजे दोनशे. आता हूड हवं की नको. हेल्मेटखाली जाड हूड बसत नाही. पण शहरात कान उघडे राहतील.
आ.ला विचारलं. तो : "टोपी घाल की."
तरी हूडचा प्रश्न सुटत नाही. टोपी हरवते.

इथे आज चौतीस. तिथे दोन. फोनवर दोन्ही गावांचं हवामान एकाखाली एक आहे. सकाळी उठल्यावर खालचं आधी बघते.

८ नोव्हेंबर
तीन जॅकेटं मागवली होती, आज आली. एक गडद निळं, दोनशेचं, बाहेरून गुळगुळीत. एक नारिंगी, चौकटीच्या विणीचं, पातळ हूडचं, खास स्कीसाठी. तिसरं जाड, केसाळ.
केसाळ घालून आरशासमोर उभी होते, तेवढ्यात आई दारात. "ये काय गो, मेंढी आनलीस का घरान?"
"थंडीसाठी आहे."
"खंयची थंडी? हतं घाम पुसून टावेल फाटला माझा."
कुठे जायचंय ते विचारलं तिने. बघू म्हटलं. ऑफिसचं काम वाटलं असेल. वाटू दिलं.

१३ नोव्हेंबर
आज पद्धतशीर चाचणी. रिकामा रीफर माल भरण्याआधी चालवून बघतोच आपण, आधी शून्याला, मग उणे अठराला. शून्य म्हणजे तिथलं शहर. उणे अठरा म्हणजे डोंगर, असं धरलं. मालाबरोबर प्रवास करतो तो तापमान नोंदवणारा छोटा लॉगर प्रत्येक वेळी जॅकेटच्या आतल्या खिशात. दहा मिनिटं स्वस्थ उभं राहायचं, दहा मिनिटं उठाबशा.
आत माणूस असताना दाराशी दुसरा हवाच, हा यार्डाचा नियम. पूर्वी आ. उभा राहायचा. आज रफिकभाई. मुरूडचे, आमच्यात सगळ्यांत जुने मेकॅनिक.
"बेटा, वीस बरस मी सौदीला होतो. पन्नास डिग्रीत. मला कोणी नाय विचारलं, रफिक, तुझं बनियन किती ग्रॅमचं."
मी उठाबशा काढत होते. ते घड्याळ बघत होते.
"त्या रेवदंड्याच्या पोराकडे चाललीस ना?"
"अजून ठरलं नाही."
"जॅकेट ठरतंय, जाणं नाय ठरलं. वा." मग पुन्हा घड्याळ बघत, "थंडीला जॅकेट लागतं खरं. पण त्याच्या आधी तिकीट लागतं, बाई."
निकाल : केसाळ बाद, पाठ ओली. नारिंगी उठाबशांना उत्तम, पण नुसतं उभं राहिल्यावर दात वाजले. निळं दोन्हीकडे ठीक, फक्त पंख्याच्या झोतात वारा आरपार. पण तो फ्लीसचा दोष नाही. फ्लीस हवा धरून ठेवतं, वारा अडवत नाही. वाऱ्यासाठी वरून यार्डातलं पावसाळी जॅकेट चालेल. ते आहेच.

१६ नोव्हेंबर
आ.शी व्हिडिओवर अर्धा तास. निकाल वाचून दाखवले. हसत होता, पण थकलेला दिसला. दाढी वाढली आहे.
म्हणाला, "निळं घे. नारिंगीत तू समुद्रातल्या तरंगत्या बोयासारखी दिसशील."
"बोया लांबून दिसतो. बर्फात उपयोगी."
"तुला मी लांबून ओळखेन, म्हात्रे."
यावर काहीतरी बोलायला हवं होतं. झिप पूर्ण हवी की अर्धी, ते विचारलं.
त्याच्या मागच्या खिडकीत चारलाच दिवे लागले होते. खाली ट्राम गेली, तिचा आवाज इथपर्यंत आला. त्या रस्त्यावरून चालताना हात खिशात असतील की बाहेर, याचा नंतर बराच वेळ विचार केला. निळ्याचे खिसे खोल आहेत.

२० नोव्हेंबर
निळं ठेवलं. दोन परत पाठवली. वजन तीनशे साठ ग्रॅम, आमच्या काट्यावर.
एसी सोळावर लावून ते घालून बसले. वीस मिनिटं. काही केलं नाही, नुसती बसले.

२३ नोव्हेंबर
रेवदंड्याला गेले. अलिबागपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. आ.च्या आईला विचारायचं होतं, फेब्रुवारीत त्याच्यासाठी काय नेऊ. म्हणजे मी जाणार, हे त्याच्याआधी त्याच्या आईला कळणार होतं. तिथे सांगणं सोपं वाटलं.
त्याची आई, म्हणजे मावशी, अंगणात बांबूवर बोंबील टांगत होत्या. "तूच ना ती, कंटेनरवाली?" बसायला पाट दिला, चहा केला.
मी विचारलं, त्याला काय पाठवायचंय.
"पाठवाचा कशाला गो? तो तं येतंय ना. येत्या वीस तारखेला."
"सुट्टीला?"
"कायमचा. मामाचा इंजिन रिपेरिंगचा वर्कशाप हाय बंदरावर, त्याला आता झेपत नाय. आदेश बघनार." मग माझ्याकडे बघून हातातला बोंबील तसाच धरून, "तुला नाय सांगलान?"
"सांगितलं असेल. माझ्या लक्षात नसेल."
चहा संपवला. निघताना त्यांनी सुकटीची पुडी दिली, नको म्हणता आलं नाही. एसटीत ती मांडीवर होती. पेणपर्यंत मी एकही विचार पूर्ण केला नाही.

२४ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत फोन केला. तिथे सकाळ.
"कधी सांगणार होतास?"
"जॅकेट ठरल्यावर."
मी डबा बंद केला.
"म्हात्रे, तीन आठवडे तू मला झिप विचारलीस, हूड विचारलंस, गार पाण्यात धुवायचं की कोमट ते विचारलंस. येते, असं एकदा तरी म्हणालीस?"
"इतकं विचारतं म्हणजे येतंच ना कोणी."
"तुझं मला नाय समजत तसं. मला वाटलं, नाही म्हणायला अवघड जातंय." मग जरा हळू, "मला घरी यायचंय गं. इथे चारला अंधार पडतो, आणि मासे प्लॅस्टिकमध्ये येतात. तू येणार असतीस तर मार्चपर्यंत थांबलो असतो."
"असतो?"
"अजूनही सांग. तिकीट बदलता येतं."
नवीन कंटेनर लागल्याचा भोंगा झाला. जाते म्हटलं.

संध्याकाळी चॅट मागे नेत नेत २ तारखेपर्यंत तपासला. त्याचं बरोबर आहे. 'आले तर' चार ठिकाणी आहे.

२८ नोव्हेंबर
कळवलं नाही. त्याला थांब म्हणणं म्हणजे चारच्या अंधारात आणखी तीन महिने राहा म्हणणं. कशासाठी, तर मला आठ दिवस बर्फ दाखवण्यासाठी. हा हिशेब माझ्याकडून जुळत नाही.
पण दुसरीही एक गोष्ट आहे, ती इथे तरी लिहिते. तो परत येतोय म्हटल्यावर मला फक्त आनंद व्हायला हवा होता. तासाभराच्या अंतरावर नाही, पण एका दिवसात जाऊन येण्याइतका तरी जवळ असेल. बोलायला फोन लागणार नाही. तरी काल यार्डात उणे अठराचं दार उघडलं, पांढरी वाफ पायांवर आली, आणि मी दार धरून तशीच उभी राहिले, ती त्याच्यासाठी नव्हे. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या मालासाठी थंडी करते. आकाशातून पडलेली एकदाही पाहिली नाही.
आ. आणि ती ट्रामची गल्ली, मी आतापर्यंत एकच समजत होते.

१ डिसेंबर
आ.चा मेसेज : "तिकीट बदलत नाही मग. वीस पक्की."
मी : "ठीक."
त्याने अंगठा पाठवला. पूर्वी तो अंगठा पाठवणाऱ्यांची टर उडवायचा.

५ डिसेंबर
व्हिसाच्या मुलाखतीची नऊ तारखेची वेळ घेऊन ठेवली होती, महिन्याभरापूर्वीच. हे त्याला माहीत नाही. रद्द करायचं पान उघडलं, वाचलं, बंद केलं. फॉर्ममध्ये 'मित्राकडे मुक्काम' खोडून एक छोटं गेस्टहाउस टाकलं. स्की शाळेचा नवशिक्यांचा वर्ग, पाच दिवस.
आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "येकटी?"
"हो."
"मंग त्या जाकिटाला आतून खिसा हाय का? पैशे आत ठेव." एवढंच. मला वाटलं होतं भांडेल.

९ डिसेंबर
मोरा बंदरावरून सकाळच्या लाँचने मुंबईला. व्हिसा केंद्रात काउंटरवरच्या बाईंनी कागद चाळले. "तिथे कोण आहे तुमचं?"
"फेब्रुवारीत कोणी नसेल."
त्यांनी वर बघितलं. "मग जायचं कशाला?"
"बर्फ बघायला. स्की शिकायला."
लिहून घेतलं. पासपोर्ट ठेवून घेतला. पंधरा दिवस लागतील. म्हणजे आ. उतरेल तेव्हा काही कळलेलं नसेल.

परतीच्या लाँचवर त्याला सगळं लिहिलं. मुलाखत, गेस्टहाउस, वर्ग. लपवून ठेवण्याची पाळी आता माझी नको.
लगेच उत्तर आलं : "तुला मी शिकवणार होतो."
मी लिहिलं : "तिथे शिकवणारे असतात."
पाठवल्यावर वाचलं. माहिती म्हणून वाक्य बरोबर आहे.
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. डावीकडे बंदराच्या क्रेन दिसायला लागल्या, तरी नाही. दुसरं वाक्य लिहायला घेतलं, 'तू असतास तर मला' इथपर्यंत आलं आणि लाँच धक्क्याला लागली. लोक उठले. मी बसूनच ते पूर्ण केलं, 'जास्त आवडलं असतं', पाठवलं, आणि मग उठले.