पदराआडची सावली

वर्धा,
रविवार, ता. १७ नोव्हेंबर १९५७

प्रिय दौलतरावास,

हरिभाऊचा भरघोस रामराम. इकडे मी, तुझी विमलवहिनी आणि तिचा खोकला असे तिघंही खुशाल आहोत. तुझं कार्ड मिळालं. वांग्यांची टोपली अल्लीपूरच्या मोटरीनं नीट पोचली. वरची सांबाराची जुडी तेवढी चेंगरली होती, पण कोथिंबिरीचा वास घरभर सुटला. कार्डाच्या शेवटी तू जे मागितलंस, त्याचं उत्तर लांबलं हे मला कळतं. त्याकडे येतोच. आधी माझी मजा ऐक, कारण ती ऐकल्याशिवाय ते उत्तर तुला समजायचं नाही.

दौलत, मी रेघ मारायला शिकतोय! हस, खुशाल हस. सारी नोकरी नकाशांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून घालवली, शेतांचे बांध-धुरे आणि पांदणीच्या वाटा शाईनं गिरवल्या, आणि पेन्शनीत गेल्यावर हा माणूस रेघ शिकतो! मलाही आधी असंच वाटलं होतं.

झालं असं, की आमच्या शेजारच्या खोलीत प्रमोदिनी म्हणून एक मुलगी राहायला आली. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि पुस्तकांसाठी शाईची चित्रं करते. एकदा ओसरीवर टाक घेऊन बसली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, तुझा हात थरथरतो." ती म्हणाली, "थरथरत नाही काका, मी मुद्दाम हलवते. तुम्ही मारून दाखवा एक." मी मारली. पट्टी न लावता, ताणलेल्या दोरीसारखी सरळ. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, "छान. आता हीच दोरी भिजून खाली लोंबलेली दाखवा." अरे, मला ते जमेना! माझ्या हाताला लोंबणं ठाऊकच नाही. टाक दाबला की रेघ जाड, सैल सोडला की बारीक, एवढी साधी गोष्ट, आणि कचेरीत तीच आम्ही चूक धरायचो. जाडी बदलली की साहेब अख्खा कागद परत करायचा.

त्याच दिवशी तिची शिकवणी धरली. पहिलं काम दिलं अंगणातली बाभूळ, विहीर आणि खालचं गवत. मी ऐटीत बसलो आणि चहा निवायच्या आत पुरं केलं. प्रमोदिनीनं कागद हातात घेतला आणि हसता हसता खालीच बसली. मी काय केलं होतं ठाऊक आहे? झाडाच्या जागी नकाशातली झाडाची खूण, विहिरीच्या जागी गोल, आणि गवत म्हणून सारख्या अंतरावर तीन-तीन काड्या! उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढून ठेवला होता. विमल दारातून म्हणाली, "बरोबरच हाय. यायले झाड कुठी दिसते, बाई? यायले सर्व्हे नंबर दिसते."

मग तिनं माझा टाक काढून घेतला आणि आठवडाभर मला नुसता हात लावत फिरवला. बाभळीची साल, मडकं, गोणपाट, घोंगडी. डोळे मिटून चाचपायचं आणि मग कागदावर यायचं. सालीला खोल, वाकड्या रेघा. मडक्याला ठिपके. गोणपाटाला तुटक आडव्या-उभ्या. काळी शाई तीच, पण एक वस्तू खरबरीत दिसते आणि दुसरी मऊ! मला तर वेड लागलं आहे. परवा कापसाच्या बाजारात गाड्या लागल्या होत्या. मी एका गाडीपुढं उभाच. पांढरा कापूस काळ्या शाईनं काढायचा कसा? काढायचाच नाही! कागद तसाच कोरा सोडायचा आणि फक्त बुडाशी सावली द्यायची. हे सुचलं तसा मी मोठ्यानं हसलो. गाडीवान म्हणाला, "काऊन भाऊ, घेता का कापूस, का नुसते पाहूनच राह्यले?"

सावलीनं मात्र माझा घाम काढला. मी रेघांवर रेघा चढवून डांबर करून ठेवायचो. प्रमोदिनी म्हणाली, "काका, विहिरीत डोकावता तेव्हा आधी नुसता काळोख असतो. थोडं थांबलं की पायऱ्या दिसतात ना? मग पायऱ्यांपुरती फट ठेवा." आता मी फट ठेवतो. तिरप्या रेघांवर उलट्या तिरप्या, मध्ये कागद डोकावत राहतो. जमलं की काय आनंद होतो, तुला कसा सांगू! पहिलं वांगं तुझ्याच टोपलीतलं काढलं. त्याच्या देठाचे काटेसुद्धा बोटाला टोचतील असे आलेत.

आता पुढं ढकलायला माझ्याजवळ वांगंही उरलं नाही. तर तुझी ती ओळ. "तू चित्रं काढून राह्यला म्हणते. लहानूच्या मायचं एक काढून दे. फोटो कधी काढला नाई. सकायी उठलं का तिचा चेहरा आता लवकर येत नाई." दौलत, हे वाचून मी कार्ड पालथं घातलं. चैत्रात लहानूची माय आनंदाबाई गेली तेव्हा तू लोकांसमोर एक शब्द बोलला नव्हतास. ते सगळं या एका ओळीत आलं. आणि मी मेला तुला उत्तर देईना.

कारण सांगतो. मी तिचा चेहरा पाहिलेला नाही.

तू विसरलास. मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शाळेतला मित्र असलो तरी तिच्या लेखी भासराच, नवऱ्याचा थोरला भाऊ. ती नवी नवरी होऊन आली त्या दिवसापासून माझ्यासमोर पदर नाकाच्या खाली. तुमच्या घरी मी किती राहिलो, हुरड्याला आलो, आजारी पडलो तेव्हा तिच्याच हातची पेज प्यालो. पण चहाचा कप यायचा तो दाराआडून, आणि मीही जमिनीकडे बघूनच घ्यायचो. मला काही सांगायचं झालं तर ती लहानूला सांगायची, "मोठ्या बाबाले म्हण, अजून एक भाकर घ्या." लहानू नसला तर शेळीला सांगायची! शेळी काही म्हणायची नाही, पण मी भाकर घ्यायचो.

तुला नाही कसं म्हणू? आणि हो तरी कसं म्हणू? विमलला विचारलं. बायाबायांत तिनं तो चेहरा मनसोक्त पाहिलेला. ती सांगत बसली, "गोल नाई, लांबट. हनुवटीवर गोंदन. हासली का अगुदर डोये हासत, मंग तोंड." मी काढत गेलो. विमलनं पाहिलं आणि म्हणाली, "हे त तुमची मावशी झाली." दुसरं काढलं, ते ठाणेदारासारखं दिसलं. तिसऱ्यानंतर मी शाईची दौत बंद करून ठेवली. मला फार वाईट वाटत होतं. तिच्या हातचं इतकं खाल्लं आणि तिची ओळखसुद्धा कागदावर उतरवता येत नाही.

फाडलेले कागद प्रमोदिनीला दिसले. म्हणाली, "काका, ऐकलेलं कशाला काढता? पाहिलेलं काढा."

"पोरी, मी दार पाहिलं, पदर पाहिला आणि चहाचा कप पाहिला."

"मग तेच काढा ना."

गुरुवारी सकाळी ऊन ओसरीवर आलं तसा बसलो. आणि दौलत, मला कितीतरी ठाऊक निघालं! तुमच्या दाराची चौकट, येता-जाता हात लागून गुळगुळीत झालेली कड. तिचा हात. नखांत वाफ्यातली माती, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, हिरव्या बांगड्या. लुगड्याचा जाडाभरडा पोत, त्याला तुटक रेघा. डोक्यावरून उतरलेल्या पदराच्या चुण्या, त्या लोंबणाऱ्या रेघेनं आल्या, भिजलेल्या दोरीच्याच. आणि पदराच्या आत सावली. तिथं मी श्वास धरून काम केलं. विमलनं सांगितलेलं गोंदण घातलं नाही. मी ते पाहिलं नव्हतं. नुसत्या तिरप्या रेघा, त्यांवर उलट्या, आणि मध्ये फटी.

विमल सूप घेऊन चालली होती, ती थबकली. "अवो, आनंदाबाई हाय हे!" म्हणाली. "करंगळी पाहा. कप धरला का अशीच वर राहे तिची. तुम्ही उचलत नाई तवरीक उभी राहे बिचारी दारात." आणि सूप तसंच ठेवून रडायला लागली. मीही रडलो. मग लगेच उठून टाक हातात घेऊन प्रमोदिनीच्या दाराशी लहान पोरासारखा धावत गेलो. नव्या धोतरावर शाईचा हा एवढा डाग पडला आहे. विमल तो धूत नाही आणि मलाही धुवायचा नाही.

चित्र दोन पुठ्ठ्यांत बांधून उद्याच्या मोटरीनं पाठवतो. लहानूला उतरवून घ्यायला सांगजो. दिवसा उजेडात धर. आधी पदराआड तुला काळोखच दिसेल. थोडं थांब. फटी ठेवल्या आहेत.

माझ्यापुढं तिनं कधी पदर मागं सारला नाही, म्हणून चित्रातही मी तो सारायला लावला नाही. आतला चेहरा तू रोज पाहिलेला आहे, तो तुलाच दिसेल. आणि दिसला, की मला कळव, फक्त दिसला एवढंच. कसा होता ते लिहू नकोस.

आनंदाबाईचा भासरा,
हरिभाऊ