दुखत नसलेला पाय

३ मे

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आईनं विणलेले मोजे, दोन्ही पोचलं. उजवा मोजा बुटात जातो, डावा जात नाही. सूज उतरली नाही की काय, असं तू लगेच म्हणशील. उतरली आहे. आईनंच काळजीपोटी डावा मोठा विणलाय.

वसतिगृहाचा फोन ऑफिसात आहे आणि तिथे चौघं कान लावून बसलेले असतात, म्हणून सविस्तर लिहिते. ऑपरेशनला काल चौदा आठवडे झाले. करंगळीमागच्या हाडातला स्क्रू जागच्या जागी आहे. डॉक्टरांनी सरळ धावायला परवानगी दिली, मी धावतेही. पण फुटबॉलमध्ये सरळ धावून भागत नाही. डाव्या पायावर भार टाकून गर्रकन वळावं लागतं. हाड मोडलं ते असंच वळताना. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणी धक्का दिला नव्हता. फक्त खडू मोडावा तसा आवाज झाला आणि तो माझ्याच पायातून आला हे मला सगळ्यात शेवटी कळलं.

परवा प्रशिक्षकांनी वळायला सांगितलं आणि मी थांबले. दुखतंय असं सांगितलं. काल पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टर पायाचा एक्स-रे उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. हाड जुळलेलं दिसतंय, मग दुखावं का, असं स्वतःशीच म्हणाले. आता स्कॅन काढणार आहेत. आईला यातलं अवाक्षरही सांगू नकोस.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी
भिंगरी

८ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईच्या लॉन्ड्रीत इस्त्रीचं नवं टेबल आलंय, पण बाईसाहेब जुन्यावरच उभ्या राहतात. नव्याची उंची म्हणे त्यांना मानवत नाही. गिऱ्हाईक तुझी चौकशी करतं तेव्हा सुधारतोय पाय, असं इतक्या घाईनं सांगते की पुढचा प्रश्न विचारायची कुणाची छाती होऊ नये.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दिवसभर चष्म्याच्या काचा घासते मी, बारीकसारीक ओरखडा नजरेतून सुटत नाही. पत्रात ‘दुखतंय असं सांगितलं’ आहे. ‘दुखतंय’ असं कुठेच नाही. लहानपणी गुडघा खरचटला तरी सगळी गल्ली गोळा करायचीस. आता नेमकं कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवता येतं का? जिना उतरताना दुखतं की सकाळी उठल्यावर? वसतिगृहाचं जेवण कसं आहे ते नंतर लिही, आधी हे लिही.

आशीर्वाद आहेतच, उत्तर उलट टपाली हवं.
तुझी
ताई

१२ मे

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. दुखत नाही.

जिना उतरताना नाही, सकाळी नाही, कधीच नाही. पण वळ म्हटलं की वळायच्या आधीच तो आवाज कानात वाजतो. व्हरांड्याच्या कोपऱ्यावरसुद्धा मी भिंतीला हात लावून वळते. पहिल्या दिवशी दुखतंय म्हटलं ते थोडा वेळ मिळावा म्हणून. आज खोटं बोलू, उद्या धीर करू, असं ठरवलं होतं. तो उद्या काही उजाडला नाही.

आता ऐक, आणि ओरडू नकोस. स्कॅनमध्ये हाडावर एक पुसट रेघ दिसली. नुसती रेघ असती तर डॉक्टर थांबले असते, पण रेघही आहे आणि दुखतंही, म्हणजे हाड आतून जुळलं नसणार, असं त्यांचं मत पडलं. जुना स्क्रू काढून जाड घालायचा आणि कमरेचं थोडं हाड खरवडून तिथे भरायचं. एकवीस तारीख ठरली. मी मान डोलावली, ताई. मला मान डोलावताना बघून माझीच मला भीती वाटली.

माझ्या जागी नवी मुलगी खेळते. चांगली खेळते. भीती वाटते म्हणून खेळत नाही, असं सांगणाऱ्या खेळाडूला कोण ठेवून घेईल? प्रशिक्षक स्वतः माझी पिशवी उचलतात. त्यांच्या तोंडावर कसं सांगू? कापून घेणं त्यापेक्षा सोपं वाटायला लागलंय.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी
भिंगरी

१५ मे
(तातडीच्या टपालानं)

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

ओरडत नाही.

आमच्या दुकानात एक बाई यायच्या. म्हातारपण कबूल करायची लाज, म्हणून नजर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून यायच्या आणि घडाघडा म्हणून दाखवायच्या. तपासणाऱ्यानं लिहून दिलं तशी मी काच घासली. काच अगदी अचूक होती. पंधरा दिवसांत त्या बाई जिन्यावरून पडल्या. तुझे डॉक्टरही अचूकच कापतील. तू सांगितलंस त्याच्यावर.

घाबरलीस म्हणून मला तुझी लाज वाटत नाही. पाय मोडलेला मी पाहिला नाही, नुसता फोनवर ऐकला, तरी अजून जिन्यावर माझा पाय अडखळतो. डॉक्टरांना सांग. प्रशिक्षकांना नंतर सांग, नाहीतर मी सांगते. वीस तारखेपर्यंत तुझी तार किंवा फोन आला नाही, तर एकवीसला सकाळी मी तुझ्या दवाखान्याच्या दारात उभी.

आता एक वाईट बातमी. तुझं पत्र पोस्टमननं आईच्या हातात दिलं. खाली तिनं लिहिलंय.

तुझी
ताई

भिंगरी, पत्र मी फोडलं. ताईवर चिडू नकोस. इतके दिवस तुझा पाय बरा होत नाही म्हणून जीव टांगणीला होता. आता बऱ्या पायावर सुरी फिरवून घेशील म्हणून आहे. काल एका सदऱ्याची बाही जाळली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तू खेळ नाहीतर घरी येऊन बस, मला दोन्ही चालेल. पण खोटं सांगून कापून घेतलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. बोलेन. पण सांग त्यांना. आई.

२२ मे

ती. आईस शि. सा. न. वि. वि.
ताईस नमस्कार.

काल दवाखान्याच्या फोनवर नुसतं ‘ऑपरेशन नाही’ एवढंच बोलता आलं. बाकीचं आता लिहिते.

तुमचं पत्र अठराला मिळालं. एकोणीसला डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. वीसला ते नव्हते, आणि ते नाहीत हे कळल्यावर मला हायसं वाटलं, हेही खरंच लिहिते. एकवीसला सकाळी मला हिरवा अंगरखा घातला. एक परिचारिका पेन घेऊन आली आणि तिनं माझ्या डाव्या पावलावर बाण काढला. चुकीचा पाय कापला जाऊ नये म्हणून हा नियम आहे, असं ती म्हणाली. मग सवयीनं विचारलं, नक्की हाच पाय दुखतो ना.

मी म्हटलं, कुठलाच दुखत नाही.

तिला थट्टा वाटली. माझं तोंड बघून ती पेन तिथेच टाकून बाहेर गेली. डॉक्टर आले, ताई थेट प्रवासाच्या पिशवीसकट आली, आणि त्या दोघांच्या देखत मी सगळं सांगितलं. डॉक्टर आधी भयंकर चिडले. मग खुर्चीवर बसले. शेवटी पाऊल हातात घेऊन त्यांनी ते हाड अंगठ्यानं जोरात दाबलं. मी हूं की चूं केलं नाही. पुसट रेघ भरून येणाऱ्या हाडाचीच आहे, अजून सहा आठवडे बघू, म्हणाले.

प्रशिक्षकांनाही कालच सांगितलं, ते मात्र माझ्याशी बोलत नाहीत. पिशवी माझी मीच उचलते. जागा परत मिळेल की नाही, सांगता येत नाही. व्यायामाच्या बाई कालपासूनच फरशीवर खुणा करून मला वळायला लावतात. काल पाव फेरी वळले, आज पाव, आणि दोन्ही वेळा घामानं निथळले. भीती तिथल्या तिथे आहे.

तुम्ही दोघी रागावून का होईना, पण माझ्या राहा.
तुमची
भिंगरी

४ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. सामना झाला, आता वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून लिहितेय. तू आली नाहीस ते एका अर्थी बरं झालं.

प्रशिक्षकांनी भिंगरीला शेवटची वीस मिनिटं खेळवलं. मैदानात उतरताना ती इतकी पांढरीफटक होती की मला वाटलं आत्ताच परत येईल. पहिले दोन चेंडू तिनं न वळताच मागे देऊन टाकले. माझ्या पुढे बसलेला माणूस म्हणाला की ही घाबरतेय. त्याच्या डोक्यात छत्री घालावीशी वाटली, पण खरंच बोलत होता तो.

तिसरा चेंडू आला तेव्हा मागे द्यायला कुणी नव्हतं. ती डाव्या पायावर वळली. पुरती वळली, आई, आणि त्याच क्षणी समोरची मुलगी तिच्यावर आदळली. दोघी खाली. भिंगरीनं दोन्ही हातांनी डावं पाऊल धरलं होतं आणि ती हलत नव्हती. मी उभी राहिले. मला मैदान दिसेना. तुझ्यासमोर जाऊन काय सांगायचं, याची वाक्यं मी तेवढ्यात जुळवलीसुद्धा.

मग तिनं पाऊल सोडलं. एकदा बोटं हलवून पाहिली. उठली आणि तरातरा चालत पंचांकडे गेली. फाऊल का दिला नाही म्हणून हातवारे करत ती अशी काही भांडली की पंचांनी तिला पिवळं कार्ड दाखवलं. मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. पुढच्या माणसानं वळून विचारलं की कुणाला लागलं का. मी म्हटलं, नाही हो, माझी बहीण भांडतेय.

सामना त्या हरल्या. सोमवारी येते. तोवर तुझा आशीर्वाद दोघींमध्ये वाटून घेतो.

तुझी
ताई