घुमटीखालचा फासा

विंकलर, मॅनिटोबा
२ नोव्हेंबर १९९६

ज्याच्या कृपेने आपण दोघे अजून एकमेकांस पत्र लिहू शकतो, त्या प्रभूला प्रथम वंदन.

चि. अगानेता हिस अ. उ. आ.

तुझ्या वहिनीला अर्धांगाचा झटका येऊन अकरा आठवडे झाले. वाचा परतली आहे, तीही पूर्वीच्याच धारेची; परंतु उजवा हात उशीवर ठेवावा तिथेच राहतो. नाताळानंतर डॉक्टर हाताची परीक्षा घेणार आहेत. त्यात बळ दिसले नाही तर सुझाना घरी येणार नाही, शुश्रूषागृहातच राहील. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी एकटा तिला सांभाळू शकेन, असे कोणीच मानत नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काल एक खेळ आणला होता. पटाच्या मध्यभागी पारदर्शक घुमटी असते, ती दाबली की आतला फासा उडतो. तो पाहून सुझाना आजारपणात प्रथमच हसली आणि म्हणाली की अगूच्या घरीही हा होता. त्या बाईंना तो दुसऱ्या रुग्णांसाठी परत न्यावा लागला.

तुझ्या मुलांचे फासे मी एका नाताळात उचलून शेगडीत टाकले होते. ते मी विसरलेलो नाही. तो घुमटीचा खेळ अजून असेल तर पाठवशील का?

लोभ आहेच, तो उणा होऊ नये ही प्रार्थना.
तुझा भाऊ, अब्राम

स्विफ्ट करंट, सस्कॅचेवन
११ नोव्हेंबर

ती. दादास, अगूचा सा. न. वि. वि.

विंकलरची दुकानं बंद पडली का रे? नवा खेळ तिथेच मिळाला असता. माझाच जुना मागितलास, त्यावरून पत्रात जे लिहिलं नाहीस तेही वाचता आलं. सत्तावीस वर्षांनी का होईना.

तू फासे जाळलेस त्याच हिवाळ्यात मुलांच्या बाबाने, पीटरने, हा खेळ रेजायनाहून आणला. आम्हाला बसवून म्हणाला की यात फाशाला कोणाचा हात लागत नाही, आता मामाला जाळायचं असेल तर अख्खा पट शेगडीत कोंबावा लागेल! मुलं त्याला मामाची घुमटीच म्हणायची. पीटरला जाऊन सहा वर्षं झाली, पण ती टप्प ऐकली की तो आठवतो.

आता एक कबुली. वहिनी दर उन्हाळ्यात माझ्याकडे वाळवलेले प्लम घेऊन यायची ना, तेव्हा दुपारभर हाच खेळ खेळायची. नेहमी पिवळ्या सोंगट्या. जाताना बजावायची की अब्रामला कळलं तर रविवारचं प्रवचन लांबेल. एक पिवळी सोंगटी हरवली तेव्हा तिने स्वतःच्या कोटाचं बटण तोडून दिलं. तेही डब्यात आहे.

एकच अट. नुसतं शेजारी बसून बघायचं नाही. तूही खेळायचं. सोंगटी बाहेर काढायला सहा पडावे लागतात, एवढं ध्यानात ठेव.

वहिनीचा हात माझ्या वतीने हातात घे. माया असू दे.
तुझी अगू

विंकलर, मॅनिटोबा
१८ जानेवारी १९९७

चि. अगानेता हिस अ. उ. आ.

तुझी अट मी पाळली, आणि रोज हरलो. सुझाना प्रथम डाव्या हाताने घुमटी दाबी. माझी सोंगटी मारून माघारी धाडली की विचारी, उपदेशकबुवा, कशी काय शेगडी? उजवा हात मी धरून घुमटीवर ठेवी. तो तसाच घसरून पडे.

नाताळाच्या आदल्या दिवशी तिने माझा हात बाजूला सारला आणि उजवा पंजा स्वतः घुमटीवर टेकवला. बराच वेळ काहीच झाले नाही. मग टप्प असा आवाज झाला. फाशावर एक पडला होता. तिच्या चारही सोंगट्या अद्याप आत होत्या. त्या एकाचा तिला काडीचा उपयोग नव्हता. परंतु मी आयुष्यात कोणत्याही दानासाठी देवाचे इतके आभार मानलेले नाहीत. सुझाना म्हणाली की रडणे आवरा, पाळी तुमची आहे.

क्रुसापाशी शिपायांनी येशूच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या, म्हणून नशिबाचा खेळ पाप, हे मी मंडळीला चाळीस वर्षे सांगत आलो. प्रेषितांनीही प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाला आपल्यात घेतले, ते मात्र तितक्या वेळा सांगितले नाही. तुझ्या मुलांच्या हातून मी फासे हिसकावले तेव्हा ग्रंथ माझ्या बाजूस आहे असे मला वाटले होते. अगू, मला क्षमा कर. मुलांनाही माझ्या वतीने सांग.

परीक्षेत तिने पेला उचलून ओठांपर्यंत नेला. काल ती घरी आली. पट स्वयंपाकघरात आहे, शेगडीपासून अगदी चार हातांवर. जागा तिनेच निवडली. ईस्टरला ये. ती म्हणते की बटणाची सोंगटी तिचीच, तू लाल घे.

तुला, तुझ्या मुलांना आणि हे पत्र ज्या कोणाच्या हाती पडेल त्या प्रत्येकाला प्रभू सुखरूप घरी पोहोचवो; आणि घरात वाट पाहणारे कोणीतरी असो.

तुझा ऋणी भाऊ,
अब्राम