टेलवरचा मोबाईल

६ ऑक्टोबर २०१८, शनिवार
आजपासून घरच्या वायफायचा विषय माझ्या हातात. स्पीड टेस्ट घेतली. बायकोच्या मोबाईलवर अठरा, पोराच्या वीस, माझ्या दोन. राऊटर एक, बिल माझ्या नावाचं, आणि मला दोन.
इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आयुष्य पाणी वाटण्यात गेलं. तोंडाशी बसलेले हेडवाले गेट उघडं ठेवतात आणि शेवटच्या टोकाला टेलवरचा धान वाळतो, हे मला कोणी शिकवू नये. घरात मी टेलवर आहे. हेडला शामकला आणि संघदीप.
काल पुण्याहून समीक्षाचा व्हिडिओ कॉल. पोरगी तिकडे कंपनीत आहे. एमपीएससीचा अभ्यास कुठवर आला, विचारलं. तिचं तोंड अर्धं उघडं तसंच अडकलं. मग कॉल कटला. शामकलाने तिच्या मोबाईलवरून लावला, तर जेवणं होईपर्यंत गप्पा. हे खपवून घेणार नाही.

७ ऑक्टोबर
पाळी ठरवली. सकाळी शामकला, दुपारी संघदीप, संध्याकाळी मी. ज्याची पाळी नाही त्याने वायफाय बंद ठेवायचं. शामकला म्हणाली, कालवा तिकडंच राहू द्या, घरात कायले आणून राहिले. दुर्लक्ष केलं. शेतकरीही सुरुवातीला असंच बोलतात.

८ ऑक्टोबर
माझ्या पाळीत समीक्षाला लावला. तब्येत, पाऊस, सगळं बोलेपर्यंत चित्र चकाचक. परीक्षेचा शब्द काढला आणि थांबलं. म्हणजे नेमकं त्याच वेळी कोणीतरी गेट उघडलं. संघदीपला झापलं. तो मैदानात क्रिकेट खेळून राहिला होता आणि मोबाईल घरी बंद पडला होता. तरी झापलं. शिस्त म्हणजे शिस्त.

१० ऑक्टोबर
चोरी बाहेरून आहे. कालव्यात गुपचूप पाइप टाकणारे कमी नाही पाहिले मी. शेजारच्या ईश्वरदास गुरुजींवर संशय. पासवर्ड बदलला, कोणाला सांगितला नाही. टाइप करताना मोठ्याने वाचला असावा, कारण चहा होईपर्यंत दोघांचेही मोबाईल चालू. माझाच तेवढा चुकीचा म्हणून राहिला. शेवटी शामकलाकडूनच घ्यावा लागला.
गुरुजींना जाऊन दम दिला. त्यांचा मोबाईल बटणाचा निघाला. त्यांनी चहा पाजला. संशय कायम.

१३ ऑक्टोबर
कनेक्शनवाला भोजराज आला. राऊटर बंद केला, चालू केला, गेला. इतकं तर मलाही येतं.
संघदीप म्हणाला, बाबा, तुमची खुर्ची लोखंडी कपाटाच्या मागं आहे, अन् मोबाईल जुना आहे. खुर्ची हलणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. कपाट हलवलं. फरशीवर दारापर्यंत ओरखडा उठला. स्पीड नऊ. मार्ग माझाच बरोबर होता.

१५ ऑक्टोबर
नवा मोबाईल घेतला. स्पीड बावीस. घरात सर्वात जास्त. दोघांनाही नेऊन दाखवलं.
लगेच समीक्षाला लावला. कंपनीत राहून काही होत नाही, सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी, हे समजावून सांगितलं. अडकली.
बावीस असताना अडकली. संतापाने जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१६ ऑक्टोबर
शेवटचा प्रयोग. शामकलाचा मोबाईल घेतला आणि त्यावरून लावला. समीक्षा हसतच आली, आई म्हणून. मला पाहिलं आणि नीट बसली. मी म्हटलं, या वर्षी परीक्षेला बसतेस की नाही. अडकली. पण मागे भिंतीवरचा पंखा फिरून राहिला होता.
तोंड बंद, पंखा चालू. असा फॉल्ट पहिल्यांदाच पाहिला. दोष पुण्याकडचा आहे, हे सिद्ध झालं. माझ्या घरची लाईन निर्दोष. तिच्याकडच्या इंटरनेटवाल्यांची ग्राहक मंचात तक्रार करतो. सोडत नाही.

१८ ऑक्टोबर
दीक्षाभूमीला जाऊन आलो. समीक्षा नागपूरला परस्पर येणार होती, आली नाही. शामकला म्हणाली, सुट्टी नाही भेटली. मी म्हटलं, सरकारी नोकरीत भेटली असती. ती मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेली.

२० ऑक्टोबर
कोहमाऱ्याची पाणीवाटपाची मीटिंग रद्द झाली. दुपारीच घरी आलो. शामकला स्वयंपाकघरात, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला. समीक्षा विचारत होती, बाबा नाहीत ना घरी. मग म्हणाली, ताप उतरला आई, सलाईन काढली, डेंग्यूचा अशक्तपणा जाईल आता हळूहळू. शामकला म्हणाली, बाबाले सांगतो आता. ती म्हणाली, नको, ते म्हणतील अभ्यास बुडाला. अन् मले पुन्हा पुतळ्यासारखं बसावं लागन. डोळे नाही मिचकावले तर झोंबतात आई.
दोघी हसल्या.
मी चपला काढल्या नव्हत्या. तसाच बाहेर गेलो. कालव्याच्या काठाने, पाळूवर उगाच चालून आलो.
संध्याकाळी मीच फोन लावला. जेवली का, विचारलं. हो म्हणाली. बरी आहेस ना. हो बाबा. चित्र स्वच्छ होतं. डोळे खोल गेलेत पोरीचे. ती माझ्याकडे पाहत होती, पुढचा प्रश्न केव्हा येतो म्हणून.
मोबाईल शामकलाच्या हातात दिला आणि तिथेच बसलो. दोघी मुगाच्या खिचडीबद्दल बोलल्या, कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलल्या. मी ऐकत होतो.