आईची केस मी वहीतून वाचली

शिरूर, शनिवार

चि. करुणास विनोदमामाचा सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत, मेसचं जेवण आणि झोप, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (झोप नसणार, तेवढं कळतं.) तू फोनवर म्हणालीस की कॅज्युअल्टीत केस सांगायला लागलीस की दुसऱ्याच वाक्याला सर "पेशंट घरी जायच्या आत मुद्द्यावर ये" म्हणतात, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा सांगायची आहे. ही खोड तुला आजोळाकडूनच लागली असणार, बहुधा माझ्याकडून, म्हणून हे पत्र.

मंगळवारी सकाळी तुझी आजी मोरीच्या दारात पडली. लागलं नाही, पण चेहरा पांढराफटक. मी रिक्षा बोलावली आणि (लिहिताना लाज वाटते) आधी माझी रोजनिशी पिशवीत टाकली. दवाखान्यात अनुपमा नावाची, तुझ्याच वयाची शिकाऊ डॉक्टर होती. "काय झालं?" एवढंच तिनं विचारलं. मी वही उघडली. आदल्या दिवशी मेथीची भाजी, बाजरीची भाकरी. औषध कोणतंही चालू नाही. गुडघेदुखी जुनी, दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या जिन्यापासूनची. आता क्वार्टर आलं म्हणजे तुझे आजोबा, आप्पा, आलेच: रिटायर झाल्यावरही पहाटे पाचला उठून बसणारे, लांबून भोंगा ऐकून गाडी किती लेट आहे ते सांगणारे, त्यांच्या हातचा तो अतिगोड चहा. चार महिन्यांपूर्वी गेले, हेही सांगितलं. (तिनं तेही लिहून घेतलं असावं.)

मग मोठे डॉक्टर आले. अनुपमानं सुरुवात केली, "बहात्तर वर्षांच्या आजी, काल मेथीची भाजी..."

"भाजी राहू दे. पहिल्या वाक्यात मला पेशंट दिसला पाहिजे. चक्कर आली म्हणून पडल्या, की पडल्यामुळं चक्कर आली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीत. वहीत ते नव्हतं.

"आगं, आदी डोळ्यांम्होरं अंधारी आली, मंग पडले," आई खाटेवरून म्हणाली.

"मग बोलायचं ना आजी!" अनुपमा म्हणाली.

"कवा बोलू? ह्यो वाचतुया न्हवं!"

अनुपमा मला बाजूला सारून आईजवळ बसली आणि गोळ्या कोणत्या घेता, असं तिलाच विचारलं. आईनं पिशवीतून पाकीट काढलं. आप्पांच्या बीपीच्या गोळ्या! महिनाभर रोज एक, त्यांच्याच वेळेला. "मानूस गेलं म्हून औशिद कशापायी टाकायचं? आन् त्या येळंला मला करमत न्हाई."

अनुपमानं पुन्हा केस सांगितली. बहात्तर वर्षांच्या आजी, अंधारी येऊन पडल्या, बीपी कमी, नाडी मंद, महिनाभर वारलेल्या नवऱ्याची बीपीची गोळी घेतायत, ईसीजी काढलाय, आज इथंच ठेवावं असं वाटतं. संपलं. डॉक्टरांनी लगेच ॲडमिशनच्या कागदावर सही केली. मी मात्र चार महिने एका घरात राहून तिनं खाल्लेल्या भाज्या लिहीत बसलो होतो.

आता आजी घरी आहे, बरी आहे. शुक्रवारी तू आधी अंधारी सांग, भाजी मागून.

तुझा
विनोदमामा

ता. क. उरलेल्या गोळ्या फेकून द्या, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. आईनं मुकाट्यानं माझ्या हातात दिल्या.

ता. क. २. मी त्या फेकल्या नाहीत. पाकिटावर आप्पांच्या अक्षरात 'सकाळी, चहाआधी' असं लिहिलंय. माझ्या कपाटात आहेत, आणि आईनं काल दोनदा ते कपाट उघडलं. शुक्रवारची वाट पाहू नकोस, रजा काढून ये आणि त्या घेऊन जा. कुठं टाकल्यास ते आम्हा दोघांनाही सांगू नकोस.