पॉलिश पेपरची घडी

मिस्तरी,

तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे तरी जिने नसतील. काकींचा दमा? आपल्या टूलरूममधले बाकीचेही एकेक करून तुमच्याकडेच आले, त्यांनाही विचारलंय म्हणून सांगा. इकडे चेन्नईत मुलगा-सून बरे आहेत. आणि ही… हिचंच सांगायला बसलोय.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, पण तो दिवस काही जात नाही. लेथच्या सरकत्या भागावर तुम्ही दोन दिवस खपून स्क्रेपरने बारीक खळगे उठवले होते. मी नवा, सातवी शिकलेला, मला ते ओरखडे वाटले. जेवणाच्या सुट्टीत पॉलिश पेपरने घासून घासून मी त्याचा आरसा केला. तोंड दिसत होतं! दुपारी तुम्ही जोडणी केली तर तो भाग जागचा हलेना. "लेका, ती तेलाची घरं होती. सगळ्यांना बेघर केलंस, आता सरकणार कशावर?" सगळं खातं हसलं. संध्याकाळी तुम्ही उरलेल्या पॉलिश पेपरची चवड माझ्या हातात दिलीत. "ठेव जवळ. कुठे घासायचं नाही, ते आठवेल."

आठवलं नाही, मिस्तरी. मुलाने इथल्या वेलचेरी भागात तळमजल्याचं घर घेतलं, तेव्हा फरशी मी निवडली. ही म्हणाली, "खरखरीत घ्या हो, या वयात घसरगुंडी नको." मी म्हटलं, "तुला काय कळतंय? कारखान्यात जन्म गेला माझा." आणि न्हाणीघरापासून दारापर्यंत आरसा बसवला.

त्या पावसाळ्यात मुलगा-सून ऑफिसात अडकले आणि घरात घोट्याएवढं पाणी आलं. ही न्हाणीघरात पडली. दार फुगून चौकटीत घट्ट बसलेलं. मी बाहेरून दाराला खांदा देतोय, पण दाराऐवजी मीच मागे सरकतोय. जोर लावावा तेवढे पाय निसटतात. वरच्या मजल्यावरची बाई ओरडतेय, "तात्ता, मेल वांगो!" आजोबा, वर या म्हणून. वर कसा जाऊ? आतून ही म्हणते, "अहो, ढकलताय की नाचताय?" हसून म्हणाली, पण मग कण्हली. पाणी वाढून, पडल्या जागी तिच्या कमरेशी आलं होतं.

तेव्हा तुमची चवड आठवली. ती ठेवलेली ट्रंक उंचावर होती म्हणून वाचलेली. एकेक कागद मधोमध दुमडला, खर दोन्ही अंगांनी बाहेर. वरची खर तळपायाला चावली, खालची फरशीला. दोन पायांखाली दोन घड्या घेतल्या आणि खांदा दिला. दार सुटलं. अंगातला जोर तेवढाच होता हो, आधी पायाला धर नव्हता.

हिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. आता आम्ही याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. लिफ्ट नाही. तिला उतरता येत नाही, आणि तिला सोडून मला उतरवत नाही. दिवसभर समोरासमोर. मुलाने विचारलं होतं, "आई पडली कशी?" मी म्हटलं, "साबण पडला होता." हिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून चहा, गोळ्या, उशी, सगळं बोलतो आम्ही. कुठे एक ओरखडा नाही. पण त्या लेथसारखं बसलंय सगळं, घट्ट.

आत्ता आतून आवाज आला. "अहो, कुणाला लिहिताय?"

"मिस्तरींना."

"हं." पलंग करकरला. मग, "साबणाचं लिहिलंत का?"

लिहिलं, मिस्तरी. साबण नव्हता, मी निवडलेली फरशी होती. पत्र मी टाकणार नाही, टाकायचं तरी कुठे? मुलगा सातला येईल. तोवर त्याला कसं सांगायचं ते जमलं तर कळवा. जरा लवकर लिहा.