हौदातलं पाणी कोण मोजतं?

९ फेब्रुवारी

लिहायला घेतलं त्याचं कारण एवढंच: पुण्याच्या बैठकीचं इतिवृत्त आज टपालानं आलं आणि त्यात माझा एकही शब्द नाही. चांगला अर्धा तास बोलले होते. त्या जागी छापलंय, "सर्व सदस्यांनी मसुद्याबद्दल समाधान व्यक्त केले." माझं समाधान परस्पर व्यक्त झालं. यापुढं माझं इतिवृत्त मी लिहीन.

विषय साधा आहे. लॉन्ड्रीतल्या मोठ्या यंत्रांनी एक किलो कपड्यामागं पाणी किती आणि वीज किती वापरावी, याची मर्यादा ठरवायची. समितीत प्राध्यापक आहेत, अधिकारी आहेत, कंपनीवाले आहेत. कपडे धुणारी मी एकटी. महिला, ग्रामीण, वापरकर्ता असे तीन रकाने एका खुर्चीत भरून घेतले.

मर्यादा हवीच. येरमाळ्यात उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर लॉन्ड्री चालवते मी, काटकसर मला कुणी शिकवू नये. पण यांची चाचणी कशी? प्रयोगशाळेतलं मऊ पाणी, कोरं पांढरं कापड, एकच फेरी. घड्याळ थांबलं की कापड धुतलं! मी विचारलं, "धुणं झालं हे कोण ठरवणार, कापड की घड्याळ?" संयोजक (यापुढं 'सं.') हसले. "मॅडम, तुम्ही फार व्यवहारी बोलता." त्यांच्या तोंडी ही शिवी आहे.

मसुदा असाच छापला तर दवाखान्यांचे कपडे फक्त मर्यादेत बसणाऱ्या यंत्रांवर धुवायचे. माझं जुनं यंत्र बसत नाही. आणि कळंब-बार्शीचे दवाखाने गेले तर लॉन्ड्रीला कुलूप. शेवंता आणि बाकीच्या सगळ्या बायका घरी.

१० फेब्रुवारी

मसुदा पुन्हा वाचला. ड्रायरच्या विजेचा रकाना सक्तीचा आहे. रिकामा ठेवला तर शून्य गुण. म्हणजे चैत्रात येरमाळ्याच्या उन्हात तारेवर चादर टाकली, विजेचा एक थेंब खर्च केला नाही, तर मी नापास. शेजाऱ्याकडून ड्रायर उसना आणून चालवला तर पास.

हे ज्यांनी लिहिलं त्यांच्या गच्चीवर दोरी नसावी.

१२ फेब्रुवारी

शेवंताला सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडची सगळ्यात जुनी कामकरीण. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आवाज माझ्या दुप्पट. तिनं ऐकून विचारलं, "मग हौदातलं पाणी कोण मोजतंय?"

नेमकं हेच बैठकीत बोलले होते. आमच्या बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, आला तर निघत नाही. म्हणून यंत्रातून काढलेली चादर बायका मागच्या हौदात पुन्हा खळबळून काढतात. इकडच्या सगळ्या लॉन्ड्र्यांत हेच. यंत्राच्या नळाला मीटर, हौदाला काही नाही. मर्यादा कडक केली की यंत्र कमी पिणार, हौद जास्त पिणार. कागदावर मात्र बचत.

सं.ना फोन. "एकदा येऊन बघा." बघतो म्हणाले. म्हणजे येणार नाहीत.

२० फेब्रुवारी

येणार आहेत! कंपनीचं नवं यंत्र माझ्याकडे चाचणीपुरतं बसवणार. 'क्षेत्रीय चाचणी' म्हणे. शब्द सापडला की यांना काम झाल्यासारखं वाटतं.

२५ फेब्रुवारी

यंत्र आलं. नळदुर्गच्या अस्लम मिस्त्रींनी बसवलं. माझं जुनं यंत्रही तेच सांभाळतात. पहिल्या फेरीला काचेला डोळा लावून बसले. "बाई, ये पानी पीती नै. चाटती."

कंपनीचा तरुण सोबत होता. गळ्यात टाय. येरमाळ्याच्या धुळीत टाय. त्याचं नाव विचारलं होतं, विसरले, टायच लिहीन. जाताना हळूच म्हणाला, "मॅडम, चाचणी समाधानकारक झाली तर मशीन इथंच ठेवता येईल. डेमो म्हणून. कायमचं."

समाधान. पुन्हा तोच शब्द.

४ मार्च

काल समिती आली. काल लिहिलं नाही. रागानं.

सं., एक प्राध्यापक, टाय. चादरी यंत्रात गेल्या, ठरलेली एक फेरी झाली, बाहेर आल्या त्या दुधासारख्या. फेस नाही, कडकपणा नाही. प्राध्यापकांनी चादर गालाला लावून बघितली. सं. माझ्याकडे वळून, "बघा मॅडम! तुमच्याच पाण्यात." मी दुसरी चादर उलटीपालटी करून बघितली. माझ्या पाण्यात असं कधी झालेलंच नाही.

नारळ, टोपी, उपरणं (हे कुणी आणलं?), पोहे, चहा. चहा फार चांगला झाला होता. तिथंच मला कळायला हवं होतं.

गाडी गेल्यावर शेवंताला धरलं. तिनं आदल्या दिवशी आमची टाकी घासून त्यात मळ्यातल्या विहिरीचं गोडं पाणी भरून घेतलं होतं. आणि चाचणीच्या चादरी बायकांनी हातानं धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवल्या होत्या. यंत्रानं धुतलेल्याच चादरी धुतल्या.

"का?"

"का म्हंजी? पुण्याचे पाव्हणे येणार. त्यांच्याम्होरं घाण चादरी काढायच्या व्हय? आन् च्या काय खाऱ्या पाण्याचा पाजायचा?"

"अगं, घाणच दाखवायची होती!"

"लोक काय म्हणले असते? बाईची लॉन्ड्री म्हंजी उकिरडा."

बाकीच्या बायका मान हलवत होत्या. पाहुण्यासमोर घरातली मळकी वस्तू यायची नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मी चाचणी म्हणजे काय ते सांगितलं होतं; पाहुणे येणार हेही सांगितलं होतं. दुसरंच ऐकलं गेलं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आणि चादरी कुठल्या हे बघितलं नाही. टायशी हुज्जत घालत बसले होते.

५ मार्च

सं.ना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "मॅडम, निकाल इतका चांगला आलाय. आता कशाला?"

"निकाल धुतलेल्या चादरीचा आहे."

"कापड आणि पाणी स्थळानं पुरवलं, अशी नोंद आहे. सही तुमची आहे."

आहे. पोहे खाताना केली.

शेवटी म्हणाले, चैत्रात यंत्र न्यायला गाडी येईल, किंवा येणार नाही, टाय ठरवेल. तोवर दुसरी मापं असतील तर माझ्या सहीनं पुण्याला द्यावीत. मसुदा छपाईला जाईपर्यंत बघता येईल. 'बघता येईल.' या माणसाच्या शब्दकोशात दुसरं क्रियापद नाही.

१६ मार्च

शेवंता फुगलीय. कामापुरतं बोलते. "बाई, हे घाण हाय, धुऊ का राहू देऊ पाव्हण्यास्नी?" असं दिवसभर प्रत्येक कपड्याला.

नवी चाचणी यात्रेत घ्यायची ठरवली. येडाईच्या यात्रेला येतात ती माणसं हळदीकुंकवानं भरलेली असतात, आणि झोपतात आमच्याकडून गेलेल्या चादरींवर. लॉजवाले बोचकीच्या बोचकी पाठवतात. असली घाण पुण्याच्या प्रयोगशाळेत पैसे देऊन मिळायची नाही.

शिवाय हळद. कॉलेजात हळदीचा कागद वापरायचो: अल्कली लागली की लाल, निघाली की पुन्हा पिवळा. चादरीवरचा हळदीचा डाग तेच सांगतो. साबण-सोड्यात पडला की लाल होतो. नीट खळबळला की पिवळा. यंत्रातून लाल निघाला तर सोडा आत राहिला. वेगळं उपकरण नको, समिती नको.

३ एप्रिल

यात्रा. रस्त्यावर गाड्या, ढोल, धूळ. दुपारपासून बोचकी यायला लागली. तेल, गुलाल, हळद, बुंदीचे लाडू चिरडलेले. एका उशीच्या खोळीत आख्खा नारळ. अस्लम मिस्त्री मुद्दाम नळदुर्गहून आले. बोअरचंच पाणी टाकीत घेतलं. मी स्वतः चव घेऊन बघितलं. शेवंतानं बघितलं की मी बघतेय.

४ एप्रिल

दोन्ही यंत्रांत एकाच लॉजचा माल, वजन सारखं. दोन्हीचं वाहून जाणारं पाणी टिपाडांत धरलं. हौदाचंही.

नवं यंत्र, मसुद्यातली एक फेरी: चादरी लाल. कुंकवाच्या नव्हेत, सोड्याच्या. हाताला बुळबुळीत. यातल्या दोन तशाच बाजूला काढून आत छपरात वाळवल्या. बाहेर टाकल्या असत्या तर उन्हानं हळद उडवली असती, आणि मसुद्यात ऊन नाही, ड्रायर आहे. वाळल्यावर पत्र्यासारख्या कडक. ही चादर बाळंतिणीच्या अंगाखाली घालायची, आणि पाणी वाचलं म्हणायचं.

बाकीच्या पुन्हा यंत्रातच विसळल्या, लाल जाऊन पिवळं होईपर्यंत. मर्यादा कधीच ओलांडली.

म्हणजे मी बरोबर होते. इथं थांबले असते तर बरं.

मग माझं यंत्र. यंत्राचं पाणी, वर हौदाचं पाणी. अस्लम मिस्त्री टिपाडांपुढून गेले, परत आले. "बाई, एक बात बोलू? रागावू नका."

"बोला."

"आपली म्हातारी लई पीती."

पुन्हा मोजलं. मी मोजलं. नव्या यंत्रानं सगळ्या जादा फेऱ्या धरूनसुद्धा माझ्या यंत्राहून आणि हौदाहून बरंच कमी पाणी घेतलं. वीजही कमी. टिपाडं समोर भरलेली उभी होती, त्यांना काय सांगणार. इतके दिवस हौदातलं पाणी मोजत नाहीत म्हणून समितीला नावं ठेवली. मी तरी कुठं मोजलं होतं.

५ एप्रिल

म्हणजे हिशेब असा. गप्प बसले तर मसुदा खोटाच छापला जातो, टाय खूश, नवं यंत्र इथंच राहतं, दवाखाने राहतात, बायका राहतात. आम्ही आमच्यापुरत्या जादा फेऱ्या मारून घेऊ. खरं दिलं तर कंपनी यंत्र उचलून नेणार, आणि मर्यादा खरी झाली तरी माझी म्हातारी तिच्यात बसणार नाही.

शेवंताला झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. तिनं फुगणं सोडलं आणि सरळ बोलली.

"मग कशाला जाताव पुण्याला? अंगावर घ्यायची हौस हाय का?"

"खोटं आहे ते."

"असू द्या की. आमी खळबळून काढू, कुणाला कळतंय? तुमचं ठीक हाय, मालक गेले तरी त्यांची पेन्शन येतीय. आमची यंत्रावर हाय."

ते खरंच. म्हटलं, "आपण खळबळू. दुसरे खळबळतील कशावरून? मीटर कमी दाखवतंय म्हणून तशाच लाल चादरी दवाखान्यात जातील."

"दुसऱ्याच्या दवाखान्याची तुमाला लई काळजी."

दिवसभर ती बरोबर वाटत राहिली. हे मला आवडलेलं नाही.

७ एप्रिल

टायचा फोन. यंत्र ठेवायचं का, ऑफिसला कळवायचंय. "तुमचं समाधान आहे ना मॅडम?" मी म्हटलं, यंत्र चांगलं आहे, चाचणी खोटी आहे, आणि दोन्ही लिहून देणार आहे. तो म्हणाला, असं दोन्ही एकदम कसं लिहिता येईल? शिकलेला मुलगा. खरोखर कळत नव्हतं त्याला.

गाडी उद्या यंत्र न्यायला येते म्हणाला.

८ एप्रिल

नेलं. अस्लम मिस्त्रींनी नळ सोडवले. बायकांनी म्हातारी पुन्हा सुरू केली. शेवंता हौदावर.

समितीला टिपण लिहिलं. मसुद्याची फेरी बोअरच्या पाण्यात अपुरी. चाचणी स्थानिक पाण्यात, मळक्या मालावर, हळदीचा लाल डाग पिवळा होईपर्यंत घ्यावी. हौदाचं पाणी यंत्राच्या खाती धरावं. ड्रायर नसेल त्याला शून्य नव्हे, पूर्ण गुण द्यावेत. मार्चची चाचणी का बाद, तेही. आणि खाली, या पद्धतीनं माझं यंत्रही अपात्र. हे वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. शिवाय एक मागणी: जुनी यंत्रं बदलायला लॉन्ड्र्यांना मुदत द्यावी. भीक नाही, मुदत.

गाठोडं बांधत होते तर शेवंतानं हातातून ओढून घेतलं. "सोडा. तुमची गाठ टेंभुर्णीलाच सुटंल." करकचून बांधलं. एवढंच. जाऊ नका असं पुन्हा म्हणाली नाही, जा असंही नाही.

१० एप्रिल

पुणे. सं. दौऱ्यावर. मसुदा छपाईला गेला का, हे कुणाला माहीत नाही, "साहेब आल्यावर बघता येईल." रोग खालपर्यंत पसरलाय.

आवक टेबलावरच्या कारकुनाला दिलं ते: टिपण, माझ्या आणि अस्लम मिस्त्रींच्या सहीचं, दोन्ही यंत्रांची मापं, बोअरचं पाणी, बाटलीत, बूच लावून, आणि मसुद्यातल्या पद्धतीनं तंतोतंत धुतलेल्या दोन चादरी.

कारकुनानं गाठ सोडायला कात्री मागवली. चादर उलगडली आणि खुर्ची मागं सरकवली. "मॅडम, रक्ताचे कपडे इथं घेत नाहीत."

"रक्त नाही. हळद आहे."

त्यानं बोटाच्या टोकानं पुन्हा बघितलं, नाक मुरडलं आणि पोचपावती लिहिली. टिपण एक. मापांचा तक्ता एक. बाटली एक. चादरी दोन, न धुतलेल्या.

मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. शिक्का नीट उमटला नव्हता, तेवढा पुन्हा मारून घेतला.